रुमालाखालचा हात आणि तीन स्लाइड

सुरतेतल्या कापड कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये जी तूरडाळ शिजते, तिच्यातली बरीचशी माझ्या नवापूरच्या मिलमधून जात होती आणि हे तिथे कोणालाही ठाऊक नव्हतं. गोणीवर नाव शेठचं. शेठ सुरतेला बसायचे. आपल्या नावाच्या छापील रिकाम्या गोण्या माझ्याकडे पाठवायचे, मी त्यात माझी डाळ भरायची, आणि ट्रक माझ्या दारातून थेट कॅन्टीन चालवणाऱ्या कंपनीच्या गोदामात. शेठने ती डाळ कधी मुठीत घेऊनही पाहिली नसेल. धंद्यात असंच चालतं, असं मला समजावणारे पुष्कळ भेटले. त्यांच्या गोणीवर त्यांचंच नाव होतं.

मी मिलवाल्याच्या घरात जन्मलेलो नाही. तापीकाठी आमची शेती होती, पण वाटण्या झाल्या तेव्हा भावांना काळी जमीन मिळाली आणि मला नदीकडचा चिंचोळा तुकडा. तो सोडून मी बैलबाजारात दलाली करायला लागलो. तिथे भाव तोंडाने ठरत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती गर्दी उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. तोंडाने शिंगांबद्दल, पावसाबद्दल, पोरीच्या लग्नाबद्दल बोलत राहायचं. खरी गोष्ट रुमालाखाली. ज्याने आधी आपला खरा आकडा उघडला तो फसला. हे मी शिकलो आणि ह्याच्या जोरावर मिल उभी केली.

त्या कंपनीत खरेदीला एक नवीन मॅडम आल्या. त्यांनी डाळ पुरवू इच्छिणाऱ्यांना सुरतेला बोलावलं. प्रत्येकाला दहा मिनिटं, प्रेझेंटेशन घेऊन या. सूनबाईने मला न विचारता मिलचं नाव त्यांच्याकडे कळवलं होतं. त्याबद्दल तिला आधी बोलून घेतलं, मग हसलो. डाळीचं प्रेझेंटेशन! डाळ दाताखाली चावून बघतात, भिंतीवर दाखवत नाहीत. पण रात्रभर डोळा लागला नाही. थेट पुरवठा. शेठशिवाय. माझ्या नावाची गोणी. एवढं एकच मला हवं होतं.

सूनबाई लग्नाआधी पुण्याच्या एका ऑफिसात हेच काम करायची, साहेबलोकांना स्लाइड बनवून द्यायचं. दुपारी ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, त्यांनी आपल्यासाठी नेमकं काय करावं, ते एका वाक्यात सांगा."

"एका वाक्यात कसं येईल? आधी ओळख नको?"

"ओळख सांगा. पण कशासाठी आलोय ते आधी."

"तू लिही मी सांगतो तसं."

तिने लिहिलं. पहिल्या स्लाइडवर गणपती. मग मिलच्या उद्घाटनाचा फोटो, मी हार घालून उभा. मग नकाशा, नवापूर कुठे, हायवे कुठे, रेल्वे कुठे. मग यंत्रं. मग तूर चाळण्यापासून तेल लावून वाळवण्यापर्यंत सगळं, प्रत्येक टप्प्याचे चार फोटो आणि खाली मजकूर. मग प्रमाणपत्रं, एकाच स्लाइडवर सगळी, म्हणजे जागा वाया जायला नको. एकेका स्लाइडवर मी इतकं कोंबायला लावलं की अक्षरं मुंग्यांएवढी झाली. ती मधून मधून म्हणायची, "हे कोणी वाचणार नाही." मी म्हणायचो, "वाचायला नाही, दिसायला पाहिजे की आपल्याकडे आहे."

बायको चहा घेऊन आली, पडद्यावर वाकली आणि म्हणाली, "हाऊ लगीनना आल्बम शे का? मंग मन्हा फोटो कोठे शे?"

"तू जाय घरमा," मी म्हटलं. सूनबाई तोंड फिरवून हसत होती.

खरं भांडण शेवटी झालं. मी तिला सांगितलं की सगळ्यात शेवटच्या स्लाइडवर एकच गोष्ट ठेव: ही डाळ तुम्ही कित्येक वर्षं खाताय, फक्त शेठच्या गोणीतून. तिने हात थांबवले.

"पप्पा, हे इतकं मोठं आहे आणि तुम्ही ते शेवटी टाकताय? हेच पहिलं टाकू. बाकी काही नसलं तरी चालेल."

"शुद्धीवर आहेस ना? उद्या मॅडमने नाही म्हटलं आणि शेठला कळलं, की हा बाबा माझ्या पाठीमागे जाऊन गोणी उलटी करून आला, तर? निम्मी मिल शेठच्या मागणीवर चालते. हे पान मी शेवटपर्यंत हातात ठेवणार. मॅडमचा चेहरा बघणार. चेहरा नरम वाटला तर दाखवणार, नाहीतर नमस्कार करून बाहेर."

"म्हणजे रुमालाखाली?"

"हो. रुमालाखाली."

"पप्पा, प्रोजेक्टरवर रुमाल कुठे टाकणार?"

मी चिडलो. मिल कोणाची आहे ते विचारलं. तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे केलं.

सुरतेच्या गाडीत मी सबंध वेळ दाराशी उभा होतो. बसलो की पाय हलायचे आणि समोरची बाई आपल्या पिशव्या आवरून घ्यायची. सूनबाई खिडकीशी लॅपटॉप मांडीवर घेऊन शांत बसलेली. तिचं ते शांत बसणंही मला सहन होत नव्हतं.

कंपनीच्या ऑफिसात बाहेरच्या सोफ्यावर शेठ बसले होते. मला बघून क्षणभर थबकले, मग हात पसरले. "अरे भाऊ! तू पण? छान, छान. सांगितलं असतंस तर माझ्या गाडीतून आणलं असतं."

"तुम्ही बोलावलंत कुठे, शेठ?"

"भाऊचा राग नाकावरच असतो," ते सूनबाईला म्हणाले. "पण माणूस कामाचा आहे, हं."

कामाचा! पोत्याच्या सुतळीला म्हणावं तसं.

त्यांना आधी बोलावलं. खोलीची भिंत काचेची होती. शेठ उभे राहिले आणि पडद्यावर एकच मोठं चित्र आलं: स्टीलच्या वाटीत कोरडी पिवळी डाळ, खाली एक ओळ. बस्स. पुढेही दोन-चारच चित्रं असतील. काचेमुळे शब्द ऐकू येत नव्हते, पण डाळ मी लांबूनही ओळखली. ती माझी होती. मॅडम मान डोलावत होत्या. माझ्या डाळीकडे बघून शेठसाठी मान डोलावत होत्या.

मी आत गेलो तो तापलेलाच. गणपती झाला. हार झाला. मॅडमनी हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या मराठी-हिंदी मिसळून बोलायच्या. नकाशावर असताना त्यांनी अगदी सरळ विचारलं, "आप हमसे क्या चाहते हैं?"

तेच वाक्य. सूनबाईने ओट्यावर विचारलेलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि म्हटलं, "मॅडम, पहले पूरा देख लीजिए."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी यंत्रं दाखवली. चाळण्या दाखवल्या. त्यांच्या शेजारच्या माणसाने डोळे बारीक करून मजकूर वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मी मात्र मॅडमचा चेहरा वाचत होतो, नरम होतोय का, कधी होतोय. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बैलबाजारात असा चेहरा मी पाहिलेला नाही. तिथे माणसाला निदान बैल तरी हवा असतो. स्लाइडवर तूर अजून उन्हातच वाळत होती तेव्हा वेळ संपली. "फाइल मेल कर दीजिए, मैं देख लूँगी," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. शेवटची स्लाइड लॅपटॉपच्या पोटातच राहिली.

परतीच्या गाडीत मी सूनबाईवर सुटलो. "मी म्हटलं आणि तू केलंस? तू शिकलेली ना? ओरडायचं ना माझ्यावर!"

ती म्हणाली, "पप्पा, ऑफिसात साहेब असं बोलला असता तर मी राजीनामा लिहिला असता. इथे कोणाला देऊ?"

समोरच्या बाकावरचा माणूस खोकला. मी पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिलो.

फाइल अजून पाठवायची होती. मला वाटलं, तीच पाठवावी, फक्त मजकूर थोडा वाढवून. मॅडमला आता वेळ असेल. सूनबाई म्हणाली, "आता तुम्ही तिथे नसणार. चेहरा बघून पुढचं बोलायची सोय नाही. जे लिहिलं असेल तेवढंच त्या बघणार, तेही दुसरं काही करता करता."

हे ऐकल्यापासून मी मिलच्या आवारात फेऱ्या घालू लागलो. वाळत घातलेल्या तुरीवरून चालायचो, मजूर पायाखालची तूर वाचवायला ओरडायचे, मी त्यांच्यावर ओरडायचो. सौद्यात मी नसणार! माझ्याऐवजी तो कागद बोलणार. आणि कागदाला बोटं नसतात. थेट सांगितलं नाही तर मॅडमच्या लेखी मी हार घातलेला कोणीतरी नवापूरवाला. सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर शेठही गेले. दोन्हीकडून मी बाहेर. मुलगा यंत्रापाशी होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "तुम्हीच ठरवा." आमच्या घरात राग एकट्या मलाच मिळालाय.

मग शेठचा फोन आला. नेहमीचा, पुढच्या ट्रकचा. बोलून झालं आणि ठेवता ठेवता हसून म्हणाले, "भाऊ, हारातला फोटो झकास होता म्हणे."

खोलीतल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांचं तिथे इतकं येणंजाणं. मी फोन ठेवला, ओट्यावर गेलो आणि सूनबाईला म्हटलं, "काढ तो हार. सगळं काढ. तू म्हणतेस तसं करू."

"रागात म्हणताय?"

"मी कशात म्हणतो त्याच्याशी तुला काय करायचंय? काढ."

तिने जुनी फाइल बंद केली आणि कोरी उघडली. त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघून मला वाटलं, सगळ्या बाजारासमोर रुमाल काढून घेतल्यासारखं.

पहिल्या स्लाइडसाठी आम्ही मिलमध्ये फोटो काढला. डाळ पडायची पन्हाळी, त्याखाली धरलेली शेठची छापील गोणी, अर्धी भरलेली, वर भिंतीवर माझ्या मिलची पाटी. तिन्ही एका चौकटीत यायला मुलाला स्टुलावर चढावं लागलं. मी विचारलं, गोणीवरचं नाव झाकायचं का? ती म्हणाली, "ही गोणी रोज त्यांच्या गोदामात उतरते. त्यांना नाव वाचायची गरज नाही, आणि आपल्याला लिहायची. शेठबद्दल एक अक्षर वाईट लिहायचं नाही." वाईट लिहायला माझ्याकडे भरपूर होतं. पण ठीक.

मग शब्दांचा सौदा सुरू झाला. मी लांबलचक वाक्य सांगायचो, ती एक शब्द काढायची. मी दोन परत घालायचो, ती तीन काढायची. बाजारात इतकं चिवट गिऱ्हाईक मला भेटलं नाही. शेवटी उरलं ते हिंदीत होतं, त्याचा अर्थ असा: तुमच्या कॅन्टीनची डाळ इथे भरली जाते.

दुसऱ्या स्लाइडला मी "उत्तम गुणवत्ता" लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "हे शेठनेही लिहिलं असणार, सगळ्यांनीच लिहिलं असणार. तुमची डाळ घेतल्यावर स्वयंपाक्याचं काय सोपं होतं?" ह्याचं उत्तर मला झोपेतही येतं. लोक जुनी-नवी तूर मिसळतात, मग पातेल्यात अर्धी डाळ विरघळते आणि अर्धी दाणा धरून बसते. मी मिसळत नाही. "मग हेच डोक्यावर लिहा," ती म्हणाली, "आणि खाली ते डोळ्यांना दिसू दे." मी बाजारातून मिसळीची स्वस्त डाळ आणली आणि बायकोला दोन्ही शिजवायला सांगितल्या. ती पिशवी उघडून बघते तो काय!

"दुसरानी डाळ? मन्हा कुकरमा?"

"फोटो काढना शे."

"लोके काय म्हनतीन, डाळमिलवालाना घरमा बाजारनी डाळ!"

तिने शिजवली, पण खिडकी लावून घेऊन. दोन वाट्या शेजारी ठेवल्या, एकीत गुठळ्या आणि पाणी, दुसरी एकजीव. वरती ओळ: एका गोणीतली सगळी डाळ एकदम शिजते. एवढं पाहून मलाच भूक लागली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की हे चित्र बोलतंय.

तिसरी स्लाइड म्हणजे मागणी. हीच डाळ थेट आमच्याकडून घ्या. आधी एका कॅन्टीनला देऊन बघा. मी ते वाक्य मान्य केलं, कारण सुरुवात लहान मागून मग वाढवायची असते. त्याखाली ती म्हणाली, "आता भाव."

"भाव लिहायचा? उघडा?"

"हो."

मी आकडा सांगितला. ती लिहिता लिहिता थांबली. "हा खरा की घासाघिशीचा?"

"घासाघिशीचा. खाली यायला जागा नको?"

"कोणाबरोबर घासाघीस करणार? मॅडम समोर नाहीत. त्या शेठचा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी ठेवतील आणि मोठा असेल तो खोडतील. संपलं."

मी उठून बाहेर गेलो. हायवेवरून कोंबड्यांच्या जाळ्या भरलेले टेम्पो सुरतेकडे चालले होते. फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. आत येऊन तिला खरा आकडा सांगितला, भिंतीकडे तोंड करून. कोणाची बोटं न दाबता मी आयुष्यात कधी खरा भाव सांगितला नव्हता.

तीन स्लाइड. माझा गणपतीही नाही. पाठवायचं बटण तिने माझ्यासमोर सरकवलं. "तुम्ही दाबा. नाहीतर नंतर मला बोलाल." बोट तिथेच थबकलं. बायको दारात उभी होती. "दाबा ना," ती म्हणाली, "काय ते एकदाव होई जाऊ दे." मी दाबलं.

त्यानंतर मी कोणाशी नीट बोललो नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचो, नाही वाजला की चीड यायची. सूनबाईला विचारायचो, "आलं काही?" ती मान हलवायची. मग मी विचारणं सोडलं आणि नुसता तिच्या मागे जाऊन उभा राहायला लागलो, ते तिला जास्त जाचलं असणार.

उत्तराआधी शेठ आले. फोनवर. नमस्कारसुद्धा नाही.

"भाऊ, माझ्या गोणीचा फोटो तू तिकडे दाखवलास?"

डोक्यात लख्ख झालं: मॅडमनी वाचलं होतं. वाचलं, समजलं आणि शेठना विचारलंही. दहा मिनिटं बोलून जे पोचलं नव्हतं ते एका चित्राने पोचवलं होतं.

"दाखवला."

"मी तुला उभं केलं."

"गोणी तुम्ही उभी केलीत, शेठ. तिच्यात माल माझा होता."

ते बरंच बोलले. मीही बोललो, ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सोड. जुने संबंध आहेत. मॅडमला सांग की चुकून गेलं. भाव वाढवून देतो. किती पाहिजे, बोल."

किती वर्षं ह्याची वाट पाहिली होती! समोरच्याने आधी हात उघडला होता. माझ्या बोटांना सवयीने आकडा सुचला, चांगला तगडा, आणि शेठ त्या घडीला तो मान्य करतील हेही मला कळत होतं. निम्मी मिल वाचली असती. गोणी तीच राहिली असती.

"शेठ, भाव लिहून गेलाय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आता तो तुम्हाला वेगळा सांगता येणार नाही."

त्यांनी फोन आपटला. दुसऱ्या दिवसापासून छापील गोण्या यायच्या बंद झाल्या. शेठचा ट्रक भरायचा होता ती डाळ गोदामात थप्पी लावून पडली. एक यंत्र बंद ठेवलं. बायको त्या थप्पीकडे बघून म्हणाली, "आते काय?" मी तिच्यावर खेकसलो.

मॅडमचं उत्तर आलं तेव्हा सूनबाई धावत गोदामात आली. दोन ओळी होत्या. प्रस्ताव मान्य. आपण सुचवल्याप्रमाणे एका कॅन्टीनला माल द्यावा, लिहिलेल्या भावाने.

"एका?" मी ओरडलो. "एकाच?"

"पप्पा, आपणच लिहिलं होतं. एका कॅन्टीनला देऊन बघा."

"ते मी सुरुवात म्हणून लिहिलं होतं! पुढे बोलणी होतील म्हणून!"

"त्यांनी वाचलं तेच दिलं."

हे मला आजही पचलेलं नाही. बाजारात माणूस एक मागतो तेव्हा चार हवे असतात, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्या मॅडमला ठाऊक नव्हतं, किंवा असून त्यांनी तसं दाखवलं नाही, आणि तसं असेल तर त्या माझ्यापेक्षा पक्क्या. बोलणी नाही, ओढाताण नाही. जे स्वच्छ मागितलं ते स्वच्छ मिळालं, तेवढंच. मी तीन मागितली असती तर? हा प्रश्न मी सूनबाईला इतक्यांदा विचारला की तिने उत्तर देणं बंद केलंय. थप्पी अजून गोदामात आहे. तिच्यासाठी गिऱ्हाईक शोधायचंय, आणि पुढच्या वेळी तिसऱ्या स्लाइडवर काय लिहायचं ते मी एकटा ठरवणार आहे, असं घरात सांगून ठेवलंय.

पहिल्या ट्रकच्या गोण्या आमच्या नावाने छापून घेतल्या. घरी बसवेना, म्हणून मी ड्रायव्हरशेजारी केबिनमध्ये चढलो. सुरतेत गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याने हात करून ट्रक थांबवला. इतकी वर्षं माझी डाळ ह्याच फाटकातून आत जात होती, आणि मी फाटक पहिल्यांदा बघत होतो.

"किसका माल है?" त्याने विचारलं.

ड्रायव्हर तोंड उघडणार त्याआधी मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मेरा."

"मेरा मतलब कौन, काका? नाम बोलो. पीछे लाइन लगी है."

मी भडकलो. त्याला म्हटलं, गोणीवर लिहिलंय, वाचता येत नाही का? तो जागचा हलला नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. मग मी नाव सांगितलं, मोठ्याने, आणि त्याने न विचारता आणखी एकदा.